छोट्या गाडीची घरची देखभाल, बडोद्याच्या उन्हापावसाच्या हिशेबाने

दार उघडलं की आतून अर्ध्या भरलेल्या कळशीसारखं डुचमळायचं. पावसाळा ऐन भरात होता आणि मी आठवडाभर सीटखाली पाण्याची बाटली शोधत होतो. शेवटी एका रविवारी दाराच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं, तर लांबट भोकं हाताला लागली. सगळी चिखलाने बुजलेली. खराट्याचा एक हीर मोडून पहिल्या भोकात घातला आणि पायावर गढूळ पाण्याची धार आली. चांगलं तांब्याभर पाणी निघालं. काचेच्या कडेने पावसाचं पाणी दारात उतरतंच, ते बाहेर जावं म्हणून ही भोकं असतात. ती बुजली की पत्रा आतून सडत जातो आणि बाहेर फोड दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. याच आवाजासाठी एका गॅरेजने दाराचं पॅड खोलून ‘आत काय आहे ते बघायचे’ आठशे रुपये सांगितले होते.

तेव्हापासून ग्लोव्हबॉक्समध्ये एक शंभर पानी वही आहे. तारीख, किलोमीटर, काय केलं, किती पैसे गेले, एवढंच लिहितो. गाडी २०१४ ची, ७९६ सीसीची, तीन सिलिंडरची अल्टो. पुढचं बरंचसं कुठल्याही छोट्या पेट्रोल गाडीला चालेल, पण पान्याचे आकार, ऑइलची ग्रेड आणि हवेचं प्रेशर आपापल्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या. शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नका, मग शेजारी कितीही जाणकार असो.

मी कामं किलोमीटरवर कमी आणि बडोद्याच्या वर्षावर जास्त बांधली आहेत. होळीच्या सुमारास उन्हाळ्याची, मृग लागायच्या आधी पावसाची, आणि खंडेनवमीच्या आधीच्या रविवारी ऑइलची. नाहीतरी त्या दिवशी हत्यारांची पूजा करायचीच असते. पाने धुऊनपुसून पाटावर मांडताना आधी ते वापरलेले असले तर बरं वाटतं.

कशाला हात लावायचा नाही

हे आधी सांगतो. ब्रेक खोलणं, एअरबॅगची वायरिंग (ती बहुतेक पिवळ्या वेष्टनात किंवा पिवळ्या कनेक्टरची असते), एसीचा गॅस, पेट्रोलची लाइन आणि टायमिंग बेल्ट, ही कामं मी करत नाही. ऑइल बदलताना चूक झाली तर पार्किंग खराब होतं. ब्रेकमध्ये झाली तर काय होतं ते लिहायला नको.

ब्रेक ऑइलची पातळी मात्र डबीवरच्या दोन रेषांमध्ये आहे की नाही ते महिन्याला बघा. ती हळूहळू उतरत असेल तर घाईने भरू नका. ब्रेक पॅड झिजले की पिस्टन बाहेर सरकतो आणि पातळी तेवढी खाली येते. म्हणजे ती डबी आपल्याला पॅडची खबर देत असते. तुम्ही वरून भरून टाकलंत, तर नवे पॅड बसवताना ते ऑइल उतू जाऊन रंगावर सांडतं, आणि ब्रेक ऑइल रंग खातं. पातळी एकदम पडली असेल तर गळती आहे, गाडी हलवू नका. हे ऑइल हवेतला दमटपणा शोषून घेतं. डॉट ३ प्रतीचं नवं ऑइल २०५ अंशांच्या पुढे उकळतं, पाणी मुरलेलं १४० च्या आसपासच. शहरात फरक कळत नाही. पावागडला माचीपर्यंत जाऊन उतरताना सतत ब्रेकवर पाय असतो, तेव्हा तो कळतो. दर दोन वर्षांनी गॅरेजमधून बदलून घ्या.

हत्यारं

८ पासून १९ मिलिमीटरपर्यंतचे रिंग पाने, १०, १२, १४ आणि १७ ची गोटी (सॉकेट), ती फिरवायला एक रॅचेट, पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर, हवा मापायचं गेज आणि साधा डिजिटल मल्टिमीटर. यातला १० चा पाना हटकून हरवतो, दोन घ्या. पाने स्वस्तातले घेतलेत तर नटाचे कोपरे गोल होतात आणि मग नट काढायलाच शंभर खटपटी.

पैसे खरे घालायचे ते जॅक स्टँडच्या, म्हणजे उचललेली गाडी ज्यांवर टेकवायची त्या लोखंडी पायांच्या जोडीवर. गाडीसोबत येणारा जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही. आमच्या मांजलपूरच्या सोसायटीत पेव्हर ब्लॉक आहेत. पहिल्यांदा स्टँड तसाच ठेवला तर त्याचा एक पाय दोन ब्लॉकच्या फटीत तिरका रुतत गेला. आता खाली प्लायवूडचा फूटभर चौकोनी तुकडा घालतो. डांबरावर उभी असेल तर मे महिन्यात दुपारी हे काम काढूच नका, डांबर मऊ होतं. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी विटा, हँडब्रेक, गाडी पहिल्या गिअरमध्ये. स्टँडवर घेतल्यावर दोन्ही हातांनी गाडी जोरात हलवा. पडायची असेल तर तुम्ही बाहेर असताना पडू दे.

होळीनंतर: बॅटरी, पाणी, हवा

लोकांना वाटतं थंडीत बॅटरी जाते. थंडीत ती फक्त उघडी पडते, तिला मारतो आपला एप्रिल आणि मे. पारा ४२-४३ वर असताना बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त उष्णता असते आणि आतल्या पट्ट्या झपाट्याने खराब होतात.

मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. गाडी रात्रभर उभी असताना सकाळी टर्मिनलवर मापा. १२.६ च्या आसपास म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे अर्धी. मग कुणालातरी सेल्फ मारायला सांगा आणि आकड्यावर नजर ठेवा. सेल्फ फिरत असताना ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी थकली आहे, ती भर रस्त्यात बसायच्या आत बदला. गाडी चालू झाल्यावर १३.८ ते १४.४ दिसायला हवं. १३ च्या खालीच राहिलं तर दोष बॅटरीत नाही, अल्टरनेटर (चालत्या इंजिनावर बॅटरी चार्ज करतो तो) किंवा त्याच्या बेल्टमध्ये आहे. या तीन आकड्यांनी माझी एक नवी बॅटरी वाचली. दुकानदार ती विकायलाच निघाला होता, आणि सैल होता तो नुसता बेल्ट.

टर्मिनलवर पांढरा-हिरवा भुगा साचला असेल तर आधी निगेटिव्ह काढायचं, मग पॉझिटिव्ह. लावताना उलटं, पॉझिटिव्ह आधी. क्रम चुकला आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं करा, आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीनचं बोट फिरवा. पाणी भरायची बॅटरी असेल तर त्यात फक्त डिस्टिल्ड वॉटर.

रेडिएटरलाही डिस्टिल्डच. आमच्याकडे बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरा थर चढतो, तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चढतो आणि मग भर दुपारी सिग्नलला काटा वर जातो. उन्हाळ्यात टाकीत नुसतं पाणी ओतत राहिलात तर कूलंट पातळ होतो. गंज रोखणारी रसायनं कूलंटमध्ये असतात आणि उकळबिंदूही तोच वाढवतो. रंगावर जाऊ नका, दोन कंपन्यांचा हिरवा कूलंट एकच असेल असं नाही. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आत दाब असतो, झाकण सैल होताच उकळतं पाणी तोंडावर येतं.

टायरची हवा गाडी थंड असताना भरा. किती, ते ड्रायव्हरच्या दारापाशी चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेलं असतं. तापमान १० अंशांनी वाढलं की प्रेशर साधारण दीड पीएसआयने वाढतं. म्हणून दुपारी पंपावर तपासून ‘जास्त आहे’ म्हणत हवा सोडलीत तर सकाळी टायर कमी हवेवर पळणार.

एअर फिल्टर उत्तरायणानंतरच्या कोरड्या धुळीत लवकर भरतो. खोका उघडा, फिल्टर उजेडासमोर धरा. उजेड आरपार येत नसेल तर बदला. हवेच्या पाइपने झटकायचा तर आतून बाहेर, उलटं फुंकलंत तर धूळ कागदात घट्ट बसते. पाण्याने धुवू नका. हे काम तुमची बारा वर्षांची मुलगीही करेल, माझी करते.

मृगाआधी

दाराची भोकं वर सांगितली. तशीच पुढच्या काचेखाली, बॉनेटच्या कडेला, निंबाची पानं आणि काड्या साचतात. तिथला पाण्याचा मार्ग तुंबला की पाणी पायाशी कार्पेटवर उतरतं आणि आपण सनरूफ नसलेल्या गाडीचं छप्पर तपासत बसतो.

वायपरचं रबर मे महिन्यात उन्हाने कडक होतं आणि हे पहिल्या पावसातच कळतं, रात्री, समोरून ट्रक येत असताना. जुनं ब्लेड फुटपट्टीने मापून त्याच लांबीचं घ्या. बसवताना वायपरचा दांडा उचललेला असतो, त्याखाली काचेवर जाडसा टॉवेल अंथरा. माझ्या हातून तो दांडा एकदा सुटला होता. टॉवेल नसता तर वायपरऐवजी काच बदलावी लागली असती.

टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की कायद्यानेही टायर बाद. खोबणीत छोटे उंचवटे असतात, रबर त्यांच्या बरोबरीला आलं की समजायचं. मी त्या आधीच, तीन मिलिमीटरवर बदलतो. साचलेल्या पाण्यावर गाडी तरंगली की ब्रेकला अर्थ उरत नाही.

आणि उंदीर. दांडिया बाजारात काकांच्या वाड्यात गाडी दोन दिवस उभी राहिली की वायरिंगवर दातांच्या खुणा. काका बॉनेटखाली चरोतरातल्या तंबाखूचं पान टांगतात आणि त्यावर त्यांची गाढ श्रद्धा आहे. मला उपयोग दिसला तो दर दोन दिवसांनी गाडी चालवण्याचा, आत शेंगदाण्याचा कण न ठेवण्याचा आणि इंजिनाच्या खालच्या बाजूच्या भोकांवर जाळी बसवण्याचा.

खंडेनवमीच्या आधीचा रविवार: ऑइल

दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. मी वर्षाला सात हजारच चालवतो, म्हणून दसरा. माझ्या गाडीला फिल्टरसकट पावणेतीन लिटरच्या आसपास लागतं, तीन लिटरचा डबा आणला की थोडं उरतं. ग्रेड मॅन्युअलमध्ये असेल तीच. ‘आपल्या उन्हात जाड ऑइल बरं’ हा सल्ला फुकट मिळतो, फुकटच सोडून द्या.

इंजिन पाच मिनिटं चालवून बंद करा. कोमट ऑइल सरसर उतरतं, कढत ऑइलने हात भाजतो. गाडी स्टँडवर घ्या आणि वरचं भरायचं झाकण उघडून ठेवा. खाली खाद्यतेलाचा पाच लिटरचा रिकामा डबा आडवा कापून ठेवायचा, चेंबरच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) तळाशी ऑइल सोडायचा जो प्लग असतो त्याच्या बरोबर खाली नाही, वीतभर पुढे. पहिली धार सरळ पडत नाही, उडी मारते. पाना लावून प्लग सैल करा आणि शेवटचे आटे हाताने फिरवताना प्लग आत दाबून धरा. आटे संपल्याचं बोटाला कळतं. मग एका झटक्यात हात बाजूला. नाहीतर ऑइल थेट कोपरापर्यंत.

या प्लगची एक कथा आहे. एका गॅरेजमध्ये पोराने पान्याला पाइप अडकवून तो आवळला होता, मला पत्ता नाही. वर्षभराने मी खोलला तर आट्यांत अडकून केसासारखं धातूचं वेटोळं बाहेर आलं. दुसऱ्या मिस्त्रीकडे नेला, त्याने एक नजर टाकली आणि म्हणाला, “काका, आ तो पाइप लगावीने टाइट कर्यो छे.” चेंबरला नवे आटे पाडून मोठा प्लग बसवावा लागला. ३५ न्यूटन मीटर एवढाच जोर माझ्या गाडीच्या प्लगला पुरतो. टॉर्क पाना (आवळण्याचा जोर मापणारा) नसेल तर साध्या लांबीच्या पान्याने, मनगटाच्या जोरावर, नवं वायसर चेपल्याचं जाणवेपर्यंत. वायसर दर वेळी नवं. काही रुपयांचं असतं.

ऑइल थेंब थेंब पडू लागलं की फिल्टर काढा. काढल्यावर त्याचं रबरी गॅस्केट फिल्टरसोबत आलं का ते बघाच. कधी ते इंजिनालाच चिकटून राहतं. त्यावर नवा फिल्टर चढवला तर दोन गॅस्केट होतात आणि सगळं ऑइल रस्त्यावर. नव्या फिल्टरच्या गॅस्केटला बोटाने ऑइल लावा, हाताने फिरवत न्या, टेकलं की पाऊण फेरा आणखी. पाना लावायचा नाही.

गाडी खाली घ्या, सपाटीवर. आधी अडीच लिटर ओता. इंजिन चालू करा, ऑइलचा लाल दिवा दोन-तीन सेकंदांत विझला पाहिजे, नाही विझला तर लगेच बंद. मिनिटभर चालवा आणि खाली वाकून प्लग आणि फिल्टर बघा. बंद करून पाच मिनिटं थांबा, ऑइल मापायची पट्टी पुसून परत घाला आणि काढा. पातळी दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ यावी. वरच्या खुणेच्या पलीकडे नको, जास्त ऑइल फेसाळतं आणि सीलमधून वाट काढतं. जुनं ऑइल रिकाम्या डब्यात भरून जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. गटारात ओतलेलं शेवटी विश्वामित्री नदीतच जातं, आणि तिथल्या मगरींना आपला आधीच पुरेसा त्रास आहे.

बदल करायचाच तर दिव्यांपासून

आवाज मोठा करणारे सायलेन्सर, खिडक्यांना काळी फिल्म, छपरावर चार दिवे, यांत मला रस नाही. काचेतून पुढे-मागे किमान ७० टक्के आणि बाजूंनी ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे असा नियम आहे, आणि स्वस्त फिल्म सहसा त्यात बसत नाही. बारा इंची चाकं काढून तेरा इंची घालायची हौस असेल तर टायरचा पूर्ण व्यास जुळवा. १४५/८० आर १२ चा साधारण ५३७ मिलिमीटर येतो, १५५/६५ आर १३ चा ५३२. फरक एक टक्का, मीटर फारसा खोटा बोलत नाही. विमा कंपनीला मात्र कळवून ठेवा.

जुन्या गाडीत खरा उपयोगी बदल म्हणजे हेडलाइटला रिले, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. दिवे पिवळे आणि मंद वाटले की लोक जास्त वॅटचे बल्ब घालतात आणि होल्डर वितळवतात. त्याआधी हे माप घ्या. इंजिन चालू, दिवे चालू. बॅटरीवर व्होल्टेज मापा, मग बल्बच्या कनेक्टरमागे मापा. माझ्याकडे १३.९ आणि १२.४ आलं. दीड व्होल्ट लांबलचक बारीक वायरीत आणि स्विचमध्ये जात होता. ऐकायला किरकोळ वाटतं. पण हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या कितीतरी पट वेगाने उतरतो, दीड व्होल्टला जवळजवळ एक तृतीयांश उजेड जातो.

आधी दिव्याची अर्थिंग बघा. बॉडीला जिथे काळी वायर बोल्टने लावलेली असते तो बोल्ट काढा, खाली गंज असेल तर पॉलिश पेपरने चकचकीत करा, परत मापा. माझा अर्धा व्होल्ट तिथेच परत आला. उरलेल्यासाठी रिलेची तयार हार्नेस (वायरींचा जोडलेला संच) मिळते, कंपनीची वायर न कापता कनेक्टरला कनेक्टर जोडून बसणारी. रिलेच्या तळाशी आकडे असतात. ३० ला बॅटरीकडून फ्यूजमधून वायर, ८७ वरून बल्बला. ८५ आणि ८६ मध्ये कॉइल, एकाला जुन्या स्विचचा करंट, दुसऱ्याला अर्थ. म्हणजे जुना स्विच आता फक्त हुकूम देतो, भार रिले उचलतो. ५५ वॅटचे दोन बल्ब मिळून नऊ अँपिअर ओढतात, फ्यूज १५ चा पुरे, आणि तो बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच हवा. वायर घासून बॉडीला टेकली तर फ्यूजच्या अलीकडचा तुकडा पेटतो. काम सुरू करताना बॅटरीचं निगेटिव्ह काढा. बल्बच्या काचेला बोट लावू नका, तेलकट ठशापाशी काच तापून फुटते. शेवटी संध्याकाळी भिंतीसमोर गाडी लावून दिव्यांचा झोत आधीपेक्षा वर गेलेला नाही ना ते पाहा.

हॅलोजनच्या दिव्यात एलईडी बल्ब खुपसू नका. आतला आरसा तारेच्या जागेवर बेतलेला असतो. उजेड विखुरतो आणि समोरचा आंधळा होतो.

पुरात अडकली तर

३१ जुलै २०१९ ला एका दिवसात बडोद्यात वीस इंचांच्या घरात पाऊस पडला, २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री २६ फुटांच्या धोक्याच्या खुणेच्या कितीतरी वर गेली. दोन्ही वेळा सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी एकच चूक पाहिली. पाणी ओसरलं की माणूस चावी फिरवून बघतो. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. उभ्या गाडीत शिरलेलं पाणी काढता येतं, वाकलेला रॉड म्हणजे इंजिन खोलणं. आणि असं नुकसान साध्या पॉलिसीत सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर लागतं. ते घेतलंय का हे मृगाआधीच्या रविवारी बघून ठेवायचं.

पाणी चाकाच्या मध्यापर्यंत आलं असेल तर आधी दारावरच्या चिखलाच्या रेषेचे फोटो काढा, धुण्यापूर्वी. नंबर प्लेट फोटोत दिसू दे. मग बॅटरीचं निगेटिव्ह काढा. एअर फिल्टरचा खोका उघडा. फिल्टर कोरडा असेल तर पाणी इंजिनात गेलं नसण्याची शक्यता मोठी. ओला असेल तर थांबा. ऑइलची पट्टी काढा. ऑइल दुधाळ, कॉफीसारखं दिसलं किंवा पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल तर खाली पाणी उतरलं आहे. गाडी ढकलत स्टार्ट करायचा प्रयत्नही करू नका, टो करून न्या, आणि गॅरेजला सांगा की तिन्ही स्पार्क प्लग काढल्याशिवाय सेल्फ मारायचा नाही. विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत काही खोलू देऊ नका. सीट आणि कार्पेट तोवर ओलेच राहतील, वास येईल. येऊ दे.